गेंदीच्या पायाची मेंदी

गेंदीच्या पुढच्या पंजाला मेंदी लागलेली होती. पंजाच्या पांढऱ्या केसांवर चांगला लालभडक ठिपका. सत्यभामाबाईंनी ओल्या पदरानं चोळून पाहिला, निघेना. कुत्री आपली खुशीत त्यांचा हात चाटत राहिली, आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मेंदी कुत्र्याच्या पायाला आपोआप लागत नाही. ती लावायला बाईमाणूस लागतं.

"मोताळ्याले बैल पाहाले गेलतो," त्यांचे यजमान पंजाबराव म्हणाले.

बैल पाहून आलेल्या माणसाच्या मोटारीत सीटवर मलिद्याचा चुरा कशाला सांडेल? ही दिवाळीची गोष्ट. त्याआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेलाही, गेंदी अशीच गळ्यात हिरवी चिंधी बांधून, अत्तराचा वास घेऊन परत आली होती. लढाईचे दिवस, पेट्रोल कूपनावर. बाईंनी कुठं जायचं काढलं की टाकी कोरडी, पण सण आला की यांची मोटार कुत्रीला घेऊन पिंपळगावाबाहेर पडलीच!

पूर्वी असं नव्हतं. मोटार नवी होती तेव्हा तिघं मिळून मेहकरला, बाईंच्या माहेरी जायची. टप खाली पाडलेला, पंजाबराव सुरात-बेसुरात काहीतरी गुणगुणत, आणि मागं बाईंच्या मांडीवर ही पिवळीधमक गेंदी, तेव्हा पिल्लूच. वाऱ्यानं तिचे कान उलटे व्हायचे. एखादी बैलगाडी मागं पडली की ती वळून अशी भुंकायची, जशी काही शर्यत तिनंच जिंकली. धुळीनं तिघांची तोंडं एका रंगाची होत आणि हसून हसून बाईंचं पोट दुखे. तसं सुख पुन्हा म्हणून मिळालं नाही.

कारण एकदा मेहकरात गेंदी सरळ देवघरात शिरली आणि बाईंच्या भावानं, किसनरावांनी, तिच्या पाठीत काठी घातली. "जिथं माही गेंदी नाही, तिथं मी बी नाही," म्हणून पंजाबरावांनी मोटार वळवली. बाईंचं माहेर तुटलं ते तेव्हापासून. आणि आता नवराही हातचा चालला, असं त्यांना दिसू लागलं.

यंदाची आखाजी उजाडली. गावोगावच्या लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले. पंजाबराव टोपी घालून बाहेर येतात तो मोटारीत मागच्या सीटवर गेंदी, आणि तिच्या शेजारी सत्यभामाबाई.

"तू कुठं?"

"बैल पाहाले," बाई म्हणाल्या. "मले बी समजते बैलातलं."

पंजाबराव समोर बघत मोटार हाकत राहिले. गुणगुणणं नाही की मागं वळून बघणं नाही. वाटेतलं रोहिणखेड गाव जवळ आलं आणि त्यांनी उगाच वेग वाढवला. बाईंनी ते बरोबर हेरलं. पण गेंदीला कोण आवरणार? ती उठून उभी राहिली, कण्हू लागली, आणि जुनी मशीद दिसताच मोटार वळणावर हळू होते न होते तोच दारावरून तिनं उडी टाकली.

"थांबवा!" बाई ओरडल्या. पदर खोचून त्या कुत्रीच्या मागं निघाल्या. गेंदी गल्लीबोळांत अशी वळत होती, जसं घर तिचंच. मागून पंजाबराव, "अवो, ऐक तं!"

एका दाराआड गेंदी गेली आणि आतून बाईचा आवाज आला, "आली काय वो माही राणी! सकाळपासून वाट पाहून राह्यली मी!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार ढकललं.

आत शेळ्या होत्या. पांढऱ्या केसांची एक आजी, नूरबी, खाली बसलेली, शेजारी मेंदीची वाटी, मांडीवर गेंदीचा पंजा. आणि एक म्हातारी पिवळी कुत्री गेंदीचं तोंड चाटत होती.

"हे तिची माय," नूरबी म्हणाली. "मालक पिल्लू मागाले आले तवा म्या म्हनलं, लेक देऊन राह्यली मी. दिवाळी-आखाजीले माहेरी आनसान तं न्या. मानूस जबानचा पक्का निंगाला, बाई."

बाईंना हसू आलं, मग आपलं मेहकर आठवलं. सवत निघाली असती तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं. सवतीशी भांडता तरी आलं असतं.

"कुत्रीले माहेर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन मले?"

पंजाबराव दारात मान खाली घालून उभे. "म्हनूनच सांगतलं नाही. कोन्त्या तोंडानं सांगू?"

नूरबीनं बाईंचा हात ओढून तळव्यावर मेंदीचा मोठा ठिपका ठेवला. "बसा माय. माहेरी आलेली लेक उभी राह्यते काय?" बाई बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. निघताना मलिद्याची पुरचुंडी एक गेंदीला मिळाली, एक त्यांना.

मोटारीत बसता बसता त्या म्हणाल्या, "मेहकरले घ्या."

"अवो, पेट्रोल..."

"बैलायले पुरते ना?"

"आन गेंदी? तुहा भाऊ तिले घरात घेनार नाही."

"नोको घेऊ दे. ती मोटारीत बसंल. तुमी बी बसा तिच्याजवळ. मी येईन चार दिसानं."

"चार दिस? आमी दोघं काय करावं मंग?"

सत्यभामाबाईंनी गेंदीचं डोकं मांडीवर घेतलं.

"मेहकरात बैल लय हायेत," त्या म्हणाल्या. "पाहा."