रुमालाखाली दोन बोटं

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाचे असे काही दिवस आले, की अमरावतीच्या बाजारात विलायती साहेब गल्लोगल्ली दिसू लागले. त्यातल्या एकाला कापूस पारखणारा माणूस हवा होता. हिवरखेडचे महादेवराव त्या जागेसाठी जीव टाकून बसले होते. त्यांच्याइतका पारखी बाजारात नव्हता हो, पण साहेबाकडे देवीदासचीही ऊठबस होती, आणि या देवीदासाला ओला कापूस कोणता नि कोरडा कोणता, हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागायचं.

साहेबानं महादेवरावांना बंगल्यावर बोलावलं. कापूस राहिला बाजूला, समोर ठेवला एक चिरूट. साहेबाचा दुभाषी नारायण मुनशी म्हणाला, "हा क्यूबा बेटावरचा. नवा माल आहे, कोवळा. साहेब विचारतात, पारखी आहात ना, मग सांगा, किती वर्षं ठेवला म्हणजे मुरेल?"

आता महादेवरावांनी जन्मात विडी ओढलेली नाही. तंबाखू मात्र सदा दाढेखाली. त्यांनी चिरूट हुंगला, कानाशी धरून दाबून पाहिला, आणि सरळ टोक मोडलं. तळहातावर चुरून डबीतला चुना लावला, अंगठ्यानं मळलं, टाळी देऊन भुकटी उडवली आणि चिमूट ओठात सोडली. साहेबाचे डोळे पांढरे झाले. मुनशीला हसू आवरेना, तो तोंड दाबून अंगणात पळाला.

चव झणझणीत, पण कच्ची. ओल्या पानाचा वास, घशात खवखव, मागून मात्र गुळासारखी गोडी. दोन वर्षांत माल बनतो, असं महादेवरावांनी ठरवलं. पण तोंडानं सांगायचं कसं? बाजारात आकडा कधी कोणी बोलून दाखवतं का? दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची, जितकी बोटं तितका आकडा. समोरच्यानं आपला आकडा दाबून हात हलवला, की सौदा त्या आकड्यावर पक्का. मग तो मोडणाऱ्याला बाजारात कोणी उभं करत नाही.

त्यांनी साहेबाच्या हातावर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली. साहेबाला वाटलं, हात मिळवायची इकडची रीत असेल. त्यानं अख्खा पंजा धरला आणि गदागदा हलवला. महादेवराव हबकले. दोनाचे थेट पाच. पण हात तर हलला होता. वरून साहेबानं चिरुटांची भरलेली पेटी त्यांच्या हातात दिली आणि हसत म्हणाला, "टुमारो, टुमारो."

साहेब मोडक्या हिंदीत 'तुमारो', म्हणजे 'तुमचं', म्हणतोय, असं महादेवरावांनी धरलं. माल मुरेपर्यंत पेटी पाच वर्षं सांभाळायची, जोखीम तुमची. जागा द्यायच्या आधी गडी आपलं इमान बघतोय, असं समजून ते खुशीत घरी गेले.

पेटी देव्हाऱ्यापाशी ठेवून समोर ठाण मांडलं. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलेच नाहीत. "काहून असे बसून राहिले?" बायको पार्वताबाई म्हणाली. "अंडे उबवून राहिले का?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुनशी धापा टाकत आला. "अहो, काल आला का नाहीत? साहेब तुमच्यावर बेहद्द खूश होते. चिरूट चुना लावून खाणारा पारखी त्यांनी कुठे पाहिला होता? टुमारो म्हणजे उद्या. उद्यापासून कामावर या, म्हणत होते. पेटी तर तुम्हाला बक्षीस दिली. वाट बघून बघून शेवटी देवीदासला बसवलं. अजूनही चला, मी समजावतो, जागा मिळेल."

महादेवरावांनी रुमालाखालचा पाच वर्षांचा सौदा त्याला सांगितला. त्यांनी पागोटं चढवलं, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन पेटीसमोर बसले.

"मी बसते ना राखण, तुम्ही जा," पार्वताबाई म्हणाली.

"हात म्या देल्ला, तुवा नाही."

मुनशीनं कपाळावर हात मारला. "अहो, असा काही सौदा झाला, हेच साहेबांना ठाऊक नाही."

"त्याईले नसन माईत." महादेवरावांनी पेटी देव्हाऱ्याच्या आणखी जवळ सरकवली. "मले तं माईत हाय ना."