फळ्यांचा जन्मदाखला

जावई पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघायचा आणि सासरे त्याच कंपनीला पंप भरायच्या लाकडी पेट्या पुरवायचे. लोक गालातल्या गालात हसायचे. पण सासऱ्यांचं हे काम जावई शाळेत होता तेव्हापासूनचं. मुलगी देताना त्यांनी कंपनी पाहिली नव्हती आणि पेट्या घेताना कंपनीनेही जावई पाहिला नव्हता. कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आणि दोन जुने कामगार, एवढाच पसारा, आणि तो सगळा या एका गिऱ्हाइकावर चालायचा.

यंदा कंपनीला जबाबदारीची जाणीव झाली. मोठ्या कंपन्यांना ती अधूनमधून होते आणि झाली की तिचं ओझं पुरवठादारांच्या पाठीवर येतं. आपण घेतो तो माल कुठल्या जंगलाचा, कुणाच्या घामाचा, हे शेवटच्या खिळ्यापर्यंत कळलं पाहिजे असं ठरलं. त्यात चूक काहीच नव्हतं. जावयालाही ते मनापासून पटलं होतं. बैठकीत सगळ्यात जास्त मान त्याचीच डोलत होती.

तो शेडवर गेला. सासरे कानावर पेन्सिल खोचून रंधा मारत होते.

"बाबा, लाकूड कुठून आणता ते आता पुराव्यासकट दाखवावं लागेल."

"कुठून म्हणजे? तुमच्याच मागच्या दारातून."

खरंच होतं ते. कंपनीची यंत्रं परदेशातून जाडजूड पेट्यांत यायची. यंत्र आत जायचं, पेटी मोडून मागच्या दाराशी पडायची. ती भंगारवाला उचलायचा आणि त्याच्याकडून सासरे फळ्या घ्यायचे, खिळे उपटायचे, रंधा मारायचे आणि पुन्हा पेटी करायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एक झाड तोडायला लावलं नव्हतं. जावयाला वाटलं, आता मॅडम सासऱ्यांचा सत्कारच करतील.

मॅडम म्हणजे त्याच्या खात्याच्या प्रमुख. कडक, पण मनाने वाईट नाहीत.

"कल्पना छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तेच लाकूड कशावरून?"

परदेशी पेट्यांच्या फळ्यांवर डागून उमटवलेला छाप असतो. कुठल्या देशाचं लाकूड, त्याला कीड लागू नये म्हणून भट्टीत तापवलंय की नाही, सगळं त्यात येतं. म्हणजे फळीचा जन्मदाखलाच. जावई धावत शेडवर आला.

"छाप?" सासरे म्हणाले. "तो तर मी आधी काढतो. पेटी कोरीकरकरीत दिसायला नको? लोक म्हणतील, मिस्त्रीने जुनी फळी खपवली."

जमिनीवर रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्यांचे ढीग पडले होते. दाखले त्यात होते. चांगलं काम करायच्या हौसेपायी म्हाताऱ्याने आपल्या हाताने आपलाच पुरावा सोलून काढला होता, तोही वर्षानुवर्षं. जावयाला त्यांचा राग आला आणि लगेच रागाची लाजही वाटली.

पुढच्या पेट्या छाप ठेवून केल्या. रंधा न मारता काम देताना सासऱ्यांचा चेहरा पडला होता, जणू बिनइस्त्रीचा शर्ट घालून कुणाच्या लग्नाला निघालेत. मॅडमनी पेटी फिरवून पाहिली.

"हा छाप दुसऱ्याच्या पेटीचा आहे. तुमच्या सासऱ्यांनी बनवलेल्या पेटीवर तो राहिला तर ती फसवणूक होते."

त्यांचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात चुकीचा माणूस एकही नव्हता, हीच तर पंचाईत होती. भांडायचं कुणाशी? आणि जावयाची तर दोन्हीकडून कोंडी. तोंड उघडावं तर वशिला, मिटावं तर सासरवाडी.

एकच वाट उरली होती. त्याने भंगार खात्याच्या साहेबांना विचारलं, या फळ्या आपल्याच आवारातून जातात एवढं लिहून द्याल का? साहेब घाबरले. दाराबाहेर गेलेल्या लाकडाचं लोक काय करतात हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. आपल्या अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी प्रश्न वर पाठवला, आणि वरच्यांनी जावयासकट सगळ्यांना बैठकीला बसवून मोठ्या तत्परतेने निकाल लावला. यापुढे एकही फळी बाहेर जाणार नाही. आवारातच यंत्र बसवून सगळ्या पेट्यांचा चुरा करायचा आणि तो बॉयलरला घालायचा. 'आमचं लाकूड भंगारात जात नाही' असा फलकही लागला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पेट्यांचं काम दूरच्या एका कारखान्याला गेलं. तिथलं लाकूड ताजं कापलेलं होतं आणि त्याचा दाखला चोख होता.

रविवारी तो सांगायला गेला. बायको सोबत येते म्हणाली आणि दारातून मागे फिरली. "तुम्हीच सांगा. मला बाबांकडे बघवणार नाही."

काम गेल्याचं सासऱ्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी जावयाला स्टूल पुसून दिलं.

"मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काय, हुकमाचे ताबेदार. मी टेबलं करीन, मांडण्या करीन. फळ्या मिळाल्या की झालं. भंगारवाला आजकाल फिरकला नाही, जरा निरोप द्याल त्याला?"

"फळ्या येणार नाहीत, बाबा. आता आतच चुरा करतात. बॉयलरसाठी."

"किडलेल्यांचा?"

"सगळ्यांचा."

सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि हातात धरून राहिले. काम गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं; हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

"चांगल्या फळ्यांचा?"

जावयाने मान डोलावली.

"ठरलं तेव्हा कुणी काही बोललं नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो," जावई म्हणाला.