खिडकीसमोरची झुडपं

"त्यांना निवडू दे. काहीही चालेल," हेलन म्हणाली. "माणसानं स्वतः निवडलं की त्याचा शब्द लवकर येतो."

हेलन आठवड्यातून एकदा मोरेश्वरांना बोलायला शिकवायला यायची. पक्षाघाताला वर्ष होऊन गेलं होतं. उजवा हात गेला, वाचता येईनासं झालं, आणि ज्या जिभेपुढे हॉर्नबी भागात ते कामाला होते त्या कारखान्यातले भलेभले गप्प बसायचे तिच्यावर 'हो', 'नको' आणि 'चहा' एवढंच उरलं. दिवसभर ते घरातल्या लाउंजच्या खिडकीशी बसून असत. खिडकीबाहेर भूकंपानंतर ड्रेन दुरुस्त करताना खणलेली मातीची पट्टी होती, ती तशीच उघडी राहिली होती. तिथे लावायला त्यांनीच झुडपं निवडायची, असं ठरलं. हेलननं एका नर्सरीचं चित्रांचं पुस्तक आणून दिलं. शरदात, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात एप्रिलमध्ये, रंग बदलणारी झुडपं तेवढी त्यात होती.

त्यांची बायको सुनीती रोज दुपारी ते पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडून धरायची. पान ते डाव्या हातानं उलटायचे. जपानी मेपलवर त्यांचं बोट थांबलं. मग स्मोकबुशवर. मग बर्निंग बुशवर, तिचं चित्र तर नुसतं पेटल्यासारखं होतं. "ला... ला..." कपाळावर घाम यायचा. एकोणिसाव्या दिवशी शब्द आला, "लाल." हेलननं टाळ्या वाजवल्या. सुनीतीनंही वाजवल्या.

ऑगस्टमध्ये ती यादी घेऊन नर्सरीत गेली. घ्यायचीच म्हणून गेली होती, मनात दुसरं काही नव्हतं. ट्रॉलीत तिन्ही जातींची झुडपं भरलीसुद्धा. थंडीमुळे पानं झडून नुसत्या काड्या राहिल्या होत्या. तिथला माणूस हसून म्हणाला, "आत्ता बघू नका. पुढच्या वर्षी बघा."

पुढच्या वर्षी. सुनीती ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिली.

पुण्यात ती एका हॉस्पिटलच्या फार्मसीत होती, हाताखाली चार माणसं होती. अठ्ठ्याण्णव साली या देशात आल्यावर फार्मासिस्टची इथली परीक्षा द्यायची, तर मोरेश्वर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आपली सलोनी लहान आहे, पुढच्या वर्षी. घराचं चाललंय, पुढच्या वर्षी. एकदा तर भरलेला अर्ज त्यांनी पोस्टात टाकतो म्हणून नेला आणि गाडीच्या डिकीत ठेवून दिला. तिला तो मुदत टळल्यावर सापडला. पुढे जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "हिला आता क्रोसिनचं स्पेलिंग तरी येईल का?" सगळे हसले. ती पुरणपोळ्या वाढत होती. सुपरमार्केटच्या चेकआउटवर तिनं सतरा वर्षं काढली.

"आणि ही?" तिनं बाजूच्या हिरव्यागार रोपांकडे बोट केलं.

"ग्रिसेलिनिया. इथलीच जात आहे. कुंपणाला लावतात."

"रंग बदलतो?"

"छे. बाराही महिने अशीच."

तिनं ट्रॉलीतली झुडपं एक एक करून जागेवर ठेवली आणि ग्रिसेलिनियाची सात रोपं घेतली.

खिडकीसमोर तिनं स्वतः खड्डे खणून ती लावली. मोरेश्वर आतून बघत होते. रोपांवरच्या लेबलांवर नाव स्पष्ट छापलेलं होतं. तिनं ती काढली नाहीत.

"लाल?" त्यांनी विचारलं.

"आत्ता हिरवी आहेत. एप्रिलमध्ये होतील लाल," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली.

मग रोज सकाळी चहाच्या आधी तो प्रश्न. "लाल?" "होतील हं, थोडं थांबा." नाताळच्या सुमारास "लाल कधी?" असे दोन शब्द जोडून आले. हेलनला केवढा आनंद! "यांना वाट बघायला काहीतरी मिळालंय," ती म्हणाली. "कल्पना फार छान होती, सुनीती." सुनीतीनं तिला चहाबरोबर चिवडा दिला.

एप्रिल आला. शेजारच्यांचा मेपल आठ दिवसांत पेटला, त्याची पानं वाऱ्यानं यांच्या ड्राइव्हवेवर येऊन पडली. मोरेश्वर त्या झाडाकडे बघत, मग आपल्या सात झुडपांकडे, मग पुन्हा तिकडे. एका सकाळी त्यांनी विचारलं, "लाल?"

"पुढच्या वर्षी," सुनीती म्हणाली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शब्द ओळखीचे वाटले, की नुसतंच फसवलं गेल्याचं कळलं, ते तिला समजेना. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर दोनदा आपटला. मग त्यांनी मान खाली घातली.

ईस्टरला सलोनी ऑकलंडहून आली. दुपारी बाहेर जाऊन तिनं एक लेबल वाचलं आणि तशीच आत आली.

"आई, दॅट्स एव्हरग्रीन! बाबा सहा महिने फोनवर 'लाल' म्हणतायत मला. यू न्यू?"

"हो."

"मग का? ही कांट इव्हन आर्ग्यू बॅक!"

"मलाही कधी येत नव्हतं," सुनीती भांडी पुसत म्हणाली. "तुला एवढं वाटतं ना, मग घेऊन जा त्यांना ऑकलंडला. चार बेडरूमचं घर आहे तुझं."

"बेडरूम सगळ्या वर आहेत, आई," सलोनी म्हणाली. " जिना आहे. आणि आमची दोघांची कामं..." सोमवारी निघताना ती बाबांच्या गळ्यात पडून खूप रडली. आईला "टेक केअर" म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

त्यानंतर मोरेश्वरांनी विचारणं बंद केलं. आधी 'लाल' गेलं, मग 'कधी', मग 'हो'सुद्धा. हेलन चित्रं दाखवायची, ते डोळे मिटून घ्यायचे. जूनमध्ये तिनं फाइल बंद केली. पेशंटकडून प्रयत्न होत नाही, असं तिनं त्यात लिहिलं आणि सुनीतीची सही घेतली. जाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू खूप केलंस त्यांच्यासाठी," ती म्हणाली.

सुनीतीनं दार लावलं, चहा टाकला, एक कप त्यांच्या हाताशी ठेवला. "अहो, चहा," ती म्हणाली. ते बाहेर बघत राहिले. "अहो, काही हवंय का?" चहावर साय धरली. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं, त्यांच्या कानाशी वाकून. तिला वाटलं होतं, या गप्प बसण्यानं आपल्याला बरं वाटेल. दोन-तीन दिवस वाटलंही होतं.