गज धरलेला हात

“बाबा, ये भी लेफ्टी हैं? मेरे जैसे?”

पूर्वाने नव्या अंकाचं पान माझ्या नाकासमोर धरलं. डाव्या हाताने जेवते म्हणून लखनौच्या शाळेत टोमणे खाणारी माझी पोरगी खूश झाली होती. मी पान पाहिलं आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

फोटो मीच उलटवला होता. संगीताच्या मासिकात चौदा वर्षं पानं लावतोय, नियम पाठ आहेत. लेख समोरासमोरच्या दोन पानांवर उघडायचा. डावीकडे पानभर फोटो, उजवीकडे मथळा, पहिलं अक्षर तीन ओळी उंच. आणि फोटोतला माणूस मजकुराकडे बघायला हवा, पानाबाहेर नाही. सारंगीवाले नवाजिश मियाँ बाहेर बघत होते. एक क्लिक केलं, आत बघायला लागले. सारंगीचा गज त्याबरोबर उजव्या हातातून डाव्यात गेला, ते मला दिसलं नाही.

खोटं कशाला बोलू? दिसलं होतं. पान सुंदर दिसत होतं, म्हणून वाजवणाऱ्याचा हात गेला खड्ड्यात.

सत्तावन्न वर्षं हा माणूस गाणाऱ्यांच्या मागे बसून सारंगी वाजवतोय. आमच्याच अंकात त्यांचे किती फोटो आले असतील! दरवेळी गायिकेच्या खांद्यापाशी मीच त्यांना कापलंय. त्यांच्यावरचा हा पहिला लेख.

ऑफिसात संपादक ऋषभला म्हटलं, “पुढच्या अंकात चूक झाल्याचं छापू.”

“कौन देखता है हाथ, चारुदत्तजी? पेज तो मस्त बना है, यार!”

मी भांडलो नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. ही माझी लायकी.

तरी रविवारी पूर्वाला स्कूटरवर मागे बसवलं आणि माफी मागायला अलीगंजहून अमीनाबादला मियाँच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली, पुढे चालत.

“आइए भैया, आइए! आप ही ने बनाया है? क्या काग़ज़ है, माशाअल्लाह!”

चहा आला. घरून पाठ करून आणलेलं वाक्य सोडून मी कागदाबद्दलच बोलत बसलो. पूर्वा त्यांच्या उजव्या हातातल्या कपाकडे टक लावून बघत होती.

“दादाजी, आप लेफ्टी नहीं हैं?”

मी डोळे वटारले, पण आता पळवाट नव्हती. “फोटो मैंने उलटा किया था, मियाँ. जानबूझकर. पेज अच्छा दिखे इसलिए.”

ते हसले. “वो तो हमने पहले ही दिन देख लिया था. मोहल्लेवाले पूछते हैं, मियाँ, बुढ़ापे में उलटे हाथ से बजाने लगे? हमने कह दिया, हाँ, नया रियाज़ है.”

माझी लाज झाकायला हा माणूस गल्लीभर खोटं बोलत होता.

“फोन क्यों नहीं किया आपने? डाँटते मुझे.”

“पहली बार पूरे छपे हैं, भैया.” त्यांनी कप खाली ठेवला. “डाँट देते, और आप अगली बार फिर काट देते तो?”

पूर्वाने माझी बाही ओढली. “बाबा, वो देखिए.”

त्यांच्या खाटेसमोर भिंतीला आरसा होता. आरशासमोरच्या फळीवर आमचा अंक उघडून जरा तिरका उभा केला होता, आमच्याकडे पाठ, आरशाकडे तोंड. मियाँ खाटेवरून तो आरशात बघत होते. आरशात फोटो उजवीकडे गेला होता, मथळा डावीकडे. गज उजव्या हातात. नजर मथळ्याकडेच. पानांची अदलाबदल, इतकंच तर मी करायला हवं होतं. तेवढ्यासाठी दहा मिनिटंही लागली नसती.

मी मोठ्या टायपात लावलेलं त्यांचं नाव तेवढं आरशात उलटं दिसत होतं.