यादीबाहेरची डिस्क

जुन्या ऑफिसात तिला सगळे दोनदाबाई म्हणत. लिफाफा चिकटवला की पुन्हा उघडून बघायची, कुलूप लावलं की ओढून बघायची आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. ऑफिस बंद पडलं तेव्हा बाकीच्यांना कुठे ना कुठे नोकऱ्या लागल्या, हिला काही कोणी विचारेना. तेव्हा तिची नणंद म्हणाली, "वहिनी, तुझ्या या खोडीवरच पोट भरेल असा धंदा काढू."

आणि तसा धंदा निघाला. ऑफिसं, दवाखाने जुने कॉम्प्युटर काढून टाकतात, पण आतल्या हार्ड डिस्कवर लोकांची माहिती तशीच असते. पुसली तरी जाणकार माणूस ती वर काढतो. म्हणून डिस्क मोजून घ्यायची, तिचा नंबर टिपायचा, फोडायची आणि तसा दाखला द्यायचा. शिंप्याने सोडलेला गाळा भाड्याने मिळाला. नणंद वीस वर्षं कारखान्यात लेथवर उभी राहिलेली, तिने भंगारातून हाताने दांडा मारायचा एक प्रेस शोधून आणला. डिस्क खाली ठेवायची, दांडा मारत राहायचं, वरून पोलादी पाचर उतरते आणि डिस्कच्या मधोमध घुसते. नणंद त्याला अडकित्ता म्हणायची.

पहिलं मोठं काम आलं ते मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचं. तिथला कारकून स्वतः पेटी घेऊन आला. नीट भांग, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. घाईत होता. "सीलबंद आहे, सही करा," म्हणाला आणि दोनदाबाईने जन्मात प्रथमच न मोजता सही केली. तो गेल्यावर तिने लगेच पेटी उघडली.

यादीत अठ्ठावीस डिस्क होत्या. पेटीत निघाल्या एकोणतीस.

तिने तीनदा मोजल्या. मग एकेक नंबर यादीशी ताडला. अठ्ठावीस जुळल्या. उरली एक, लॅपटॉपमधली, तळहाताएवढी, कडेला ओरखडे पडलेली.

"एक फुकट फोडली म्हणून कोणी रडत येणार नाही," नणंद म्हणाली.

"आणि भलतीच फोडली म्हणून आलं तर? परत सांधता येते का?"

तिने दवाखान्यात फोन लावला. कारकुनानेच उचलला.

"यादी करताना राहिली असेल. टाका फोडून."

"मग तेवढी यादी दुरुस्त करून डॉक्टरांची सही पाठवा."

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, एवढ्या तेवढ्यासाठी डॉक्टरांना त्रास द्यायचा तर आम्ही दुसरीकडे काम देऊ." आणि फोन ठेवला.

दोन दिवस ती डिस्क कपाटात होती आणि दोनदाबाईचा जीव त्या कपाटात. चालू कामातली डिस्क चुकून आली असेल तर? कुणाचं तरी बिंग लपवायला मुद्दाम घुसवली असेल तर? फोडली तर आपण त्यात भागीदार, ठेवली तर लोकांची गुपितं गाळ्यात घेऊन बसलेलो. घास तोंडात फिरत राहायचा. नवरा म्हणाला, "लावून बघ ना कॉम्प्युटरला. कुणाची आहे ते लगेच कळेल." केबल खणातच होती. एका दुपारी तिने ती बाहेर काढली, टोक हातात धरून बसली. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, तशी दचकून तिने ती परत खणात टाकली आणि खण ढकलून गच्च लावला.

तिसऱ्या दिवशी गाळा उघडताच कारकून दारात उभा. नणंदेने स्टूल सरकवलं. तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"ती डिस्क माझी आहे," तो म्हणाला.

सोळा वर्षं तो त्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून लोकांना नंबर देत होता. त्याचा थोरला भाऊ आजारी पडला, शेवटी शेवटी इस्पितळातून मला घरी ने म्हणून मागे लागला आणि याने नेलं नाही. भाऊ गेल्यावर हा रोज संध्याकाळी लॅपटॉपवर लिहीत बसायचा. जे केलं ते आणि जे केलं नाही तेही. चार वर्षं लिहिलं. आता लॅपटॉप मुलीला द्यायचा होता, म्हणून त्यात नवी डिस्क बसवून ही जुनी काढून घेतली.

"घरी हातोडी आहे. उचलतो आणि परत ठेवतो. म्हटलं, इतक्यांच्या गर्दीत एक निघून जाईल, आपल्याला कळणारही नाही."

दोनदाबाईला वाटलं, हा खरं बोलतोय. पुढच्याच क्षणी वाटलं, खोटं बोलणाराही असाच बसला असता.

"भाऊ, तुमच्यावर अविश्वास नाही. पण ही दवाखान्याच्या पेटीतून आली. डॉक्टरांची एक ओळ आणा, समोर फोडून देते."

"त्यांना सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि न सांगता फोडली तर माझा गाळा."

तो उठला. "बाईमाणूस आहे, समजून घेईल म्हणून आलो होतो," म्हणाला आणि निघून गेला. पहिलंच मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं, हे ती मनात पक्कं धरून बसली.

चारच्या सुमाराला डॉक्टरबाई आल्या. मागे कारकून, डोळे लाल. त्याने नंबरासकट सगळं त्यांना सांगितलं होतं.

"आमच्या खरेदीच्या वहीत हा नंबर नाही," त्या म्हणाल्या. "लॅपटॉपच्या पावतीवर आहे, ती यांच्या घरून मागवली. तुम्ही आत काय आहे ते बघितलं?"

"नाही."

"बघता आलं असतं?"

"हो. केबल त्या खणात आहे."

डॉक्टरबाईंनी टेबलावरच दोन ओळी लिहून सही केली.

कारकुनाने दांडा स्वतः मारायचा म्हटलं. नणंदेने त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं. सातव्या-आठव्या दमात आतली काचेची चकती फुटली. आवाज अगदी बारीक झाला, बांगडी पिचल्यासारखा.

"झालं?"

"झालं."

तो चष्मा न काढता तसाच उभा राहिला. "मला वाटलं होतं, हलकं वाटेल."

"आत्ताच्या आत्ता कसं वाटेल?" नणंद म्हणाली. "बसा, चहा टाकते."

डॉक्टरबाई थांबल्या नाहीत. जाताना कारकुनाला एवढंच म्हणाल्या, "उद्या दहा वाजता आत या. बाहेर नाही, आत." आणि दोनदाबाईला, "आमच्या अठ्ठावीस तेवढ्या करून ठेवा." म्हणजे गिऱ्हाईक गेलं नव्हतं.

तिने दाखला लिहिला. नंबर, तारीख, वेळ, कुणासमोर. एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि त्याच्या हातात दिला. त्याने चहा संपवला, कागदाची घडी घातली, खिशाशी नेली आणि तिथेच थबकला.

"हा घरी कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

तिने हात पुढे केला. त्याने कागद परत दिला आणि पायऱ्या उतरून गेला. तिने एक कोरी फाइल काढली, कागद आत लावला, आणि वर काय लिहावं ते न सुचून पेन हातात घेऊन बसून राहिली.