यंदा मला कुणी नेलं नाही

मी कापडी फलक बोलतोय. होय, तोच, 'घटस्फोट म्हणजे घराचा घात!' असं छातीवर मिरवणारा. हसू नका, एके काळी माझा फार रुबाब होता.

एका शिंप्याने पडद्याच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. त्याच्या पक्षाची माणसं जुन्या वळणाची. घटस्फोटाचा कायदा सैल होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. अक्षरं शिंप्याच्या शाळकरी लेकीने रंगवली. मोर्चात माझी एक काठी बापाच्या हातात असे, दुसरी लेकीच्या. लोक टाळ्या वाजवत आणि मी वाऱ्यावर उगाच फुगत असे.

मग लेकीचं लग्न झालं. नवरा हात उगारायचा. एका दुपारी ती बॅग घेऊन दुकानात आली.

"बाबा, मी वेगळी होतेय."

शिंप्याने मान वर केली नाही. "परवा सभा आहे. लोकांना काय तोंड दाखवू? परत जा."

ती गेली, पण नवऱ्याकडे नाही, दुसऱ्या शहरात. त्याला सात वर्षं झाली. तिची काठी मग मिळेल तो धरायचा. मला त्यातला एकही हात आवडला नाही.

यंदा निवडणूक लागली. शिंप्याने मला धुतलं, इस्त्री केली आणि पक्षाच्या कचेरीत नेलं. तिथल्या कार्यकर्तीने मला अर्धंच उलगडलं.

"काका, हे कुठून काढलंत? आता लोक घरभाड्याचं नि नोकऱ्यांचं विचारतात. आपल्याच मतदारांच्या कितीतरी लेकी वेगळ्या राहतात."

"आणि आपला उमेदवार?"

"त्यांचं तर घटस्फोटानंतरचं दुसरं लग्न. कुणी ब्रसुद्धा काढला नाही."

"मग मी तेव्हा..." शिंपी एवढंच म्हणाला. तिने त्याच्या हातात नव्या पत्रकांचा गठ्ठा दिला.

दुकानात येताच त्याने मला मशीनवर टाकलं आणि लेकीला फोन लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

तिने त्याचा नंबर पुसून टाकला असावा. मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडणारा हा माणूस! त्याने फोन बंद केला आणि लेकीने रंगवलेल्या माझ्या अक्षरांवरून हात फिरवला.

वाचकहो, माझी फडकी करा, माझी तक्रार नाही. पण तो तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला पुन्हा फोन लावायला सांगा. कानावरचा फोन त्याने खाली घेतला, तेव्हा तिकडून हळूच "बाबा?" असं आलं होतं. ते मी ऐकलं, त्याने नाही.