थोरल्याचा कोट

अंगदला मुलगी मिळत नव्हती यात त्याच्या कोटाचा काडीचाही दोष नव्हता. पण घरात सगळ्यांनी मिळून खापर फोडलं ते कोटावरच. कोटाला तोंड नसतं आणि तो रुसून उपाशीही झोपत नाही.

तसं घरात कमी काय होतं? माजलगावच्या धरणाच्या पाण्यावर उभा ऊस, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर, आणि कुणाचं एका पैचं देणं नाही. वडील अचानक गेले तेव्हा अंगद कॉलेजात होता. शिक्षण सोडून त्यानं शेत धरलं आणि धाकट्या सोमेश्वरला शिकवलं. सोमेश्वर पुण्याला कंपनीत लागला. ज्यानं शिकवलं तो मात्र शेतकरी राहिला, आणि शेतकऱ्याला पोरगी द्यायची नाही हे अलीकडे शेतकऱ्यांनीच ठरवून टाकलंय. जन्मभर औत हाकलेला बापसुद्धा विचारतो, "पोरगा नोकरीला कुठं हाय?"

कोटाची गोष्ट अशी. अंगदची सोयरीक पहिल्यांदा जमली तेव्हा साखरपुड्यासाठी त्यानं स्टँडजवळच्या राधाकिशन टेलरकडून गडद निळा सूट शिवून घेतला. तो सैलाचा जमाना होता. खांद्यात जाड पॅड, कोट मांडीपर्यंत, पँटीला पुढे चुण्या, पायाशी कापडाचा ढीग. राधाकिशनकाकांनी वर आणखी शिवणीत आतून भरपूर कापड राखून ठेवलं. म्हणाले, "लग्नानंतर माणूस सुटतो बाबा. तवा उसवून वाढवता येतंय." साखरपुडा थाटात झाला. लग्नाआधी मुलीकडच्यांना एक मास्तर सापडला, अंगठी-साडी परत आली, आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला अंगद तसाच बसून राहिला. सूट घरचाच होता, म्हणून तेवढा शिल्लक उरला.

पुढं बऱ्याच मुली पाहिल्या. अंबाजोगाईला एक नर्सिंग शिकणारी मुलगी पाहायला तो तोच कोट घालून गेला. चहा येण्याआधी आतल्या खोलीतून कुणीतरी खुदखुदलं, "अगं, बापाचा कोट घालून आलाय!" अंगदनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. नकार दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या आईनं, कौशल्याबाईनं, हिशेब चुकता केला: "त्या कोटानंच घात केला. पोरगं हाय तिशीचं, दिसतंय पन्नाशीचं."

तोवर जग आवळून बसलं होतं. माजलगावच्या लग्नांत नवरदेव काडीसारख्या पँटी घालून, श्वास धरून फोटो काढत होते. अंगद कोट घेऊन राधाकिशनकाकांकडे गेला. काकांनी शिवणी आत घेतल्या, पण आतलं कापड काखेत आणि पाठीवर उंचवटे करायला लागलं.

"कापून टाकू का?" काकांनी विचारलं.

"टाका की. ठेवून काय करायचंय?"

"खरं हाय. आता कोण परत सैल घालतंय?" असं म्हणत काकांनीच कात्री चालवली.

कोट शेंगेच्या टरफलासारखा अंगाला चिकटला. त्यात उभं राहिलं की अंगद देखणा दिसे; बसलं की बटण ताणलं जाई आणि ताटाकडे हात नेताना खांद्यात कुरकुर होई. त्या कोटातही मुली पाहून झाल्या. नकारांत काही फरक पडला नाही. वय मात्र वाढत गेलं, आणि त्याच्यासोबत सोमेश्वरचंही. धाकट्याला चांगली स्थळं यायला लागली होती, पण कौशल्याबाई प्रत्येकाला एकच सांगायची, "आधी थोरल्याचं होऊ द्या." कारण धाकट्याचं आधी झालं की लोक थोरल्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. काहीतरी खोट असणार, असं न बोलता ठरतं, आणि मग दारात कुणी फिरकत नाही. घरात हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

यंदा नारायणगडाकडच्या एका गावातून स्थळ आलं. मुलगी सायली, बी.ए. झालेली, वडील आश्रुबा शेतकरी. पोरीचंही वय वाढत चाललेलं, तिनं सत्ताविशी गाठली होती. अंगदला वाटलं, हे जमणार. नाही जमलं तर पुढे कुणाच्या दारात जायचं नाही, हेही त्यानं मनाशी ठरवलं.

सोबत यायला सोमेश्वर पुण्याहून आला तो दोन माणसं मावतील अशी पँट घालून.

"कुणाची पँट उचलून आणलीस बे?" अंगद हसला.

"हीच चालू हाय दादा आता. सगळं ढगळं. तुझ्यासारखा टाईट कोट आता कुणी घालत न्हाई."

अंगदचं हसू गेलं. तो तसाच उठून राधाकिशनकाकांकडे गेला. काकांनी कोट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "वाढवू कशात? कापडच न्हाई. तवाच कापलं ना आपण."

"नवा शिवता का?"

"लग्नसराई हाय. उद्याला कसा देऊ?"

तेव्हा अंगद तोच आवळ कोट घालून निघाला. वरातीमागून घोडं म्हणतात तसलंच त्याचं नशीब. फॅशन गावात पोचायची तेव्हा याचं माप चुकलेलं असायचं.

आश्रुबाच्या बैठकीत फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला आला, मग चहा घेऊन सायली आली. मुली पाहून पाहून अंगदला फरशीकडे बघायची सवय लागली होती. कपाळावरून घाम ओघळत होता. सायलीनं कप ठेवला, कोपऱ्यातला पंखा त्याच्याकडे वळवला आणि साधेपणानं म्हणाली, "कोट काढून बसा की. लई उकडायलंय."

इतक्या वर्षांत पाहायला गेलेल्या घरी कुठली मुलगी त्याच्याशी आपणहून बोलली नव्हती. अंगदनं कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. सावळी, रुंद कपाळाची, शांत डोळ्यांची. त्याला एकदम हलकं वाटलं. सुशीला त्यानं चवीनं खाल्ला. सोमेश्वर काहीतरी पुण्याचं सांगत होता, सगळे हसत होते, अंगदही हसला. आपलं घर, त्यात ही, संध्याकाळी उसाला पाणी देऊन आपण येतोय, इथपर्यंत तो मनानं जाऊन आला.

थोड्या वेळानं आश्रुबा म्हणाले, "पाव्हणं, जरा बाहीर येता का?"

अंगद कोट हातात घेऊन त्यांच्यामागे गोठ्याकडे गेला. तारखेचं बोलतील, असं त्याला वाटलं. आश्रुबांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याशीच बोलावं तसे बोलायला लागले.

"तुमचे वडील न्हाईत. म्हंजी घरचे कर्ते तुमीच. म्हणून तुमालाच इचारतो, राग धरू नका." त्यांनी म्हशीला थोपटलं. "धाकट्याचं कुठं जमलंय का?"

अंगदला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो नवरदेव म्हणून आला होता; आता त्याला नवरदेवाच्या बापाचं उत्तर द्यायचं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई."

"मग आमची सायली त्यांना द्यायचा इचार हाय. तुमच्यात कायबी खोट न्हाई, देवाशपथ. पण पोरगी शेतात नको म्हणती. पुण्यात राहील, सुखात राहील."

"तिला इचारलं का?"

"तिला घर पसंत हाय. आत्ताच आईला म्हणाली, थोरले लई सभ्य वाटले."

सभ्य! अंगदला वाटलं, या म्हाताऱ्याला इथंच सोडून निघावं. आधी माझं, मग त्याचं, एवढं म्हटलं असतं तरी कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. पण सोमेश्वरचे केस कानाशी पिकायला लागले होते, हे त्यानं सकाळीच गाडीत पाहिलं होतं. आणखी चार वर्षांनी हाच पोरगा कुणाच्या तरी बैठकीत फरशीकडे बघत बसला असता.

"माझी हरकत न्हाई," अंगद म्हणाला. "त्याला इचारून कळवतो."

वाटेत त्यानं सांगितलं तेव्हा सोमेश्वरनं गाडीच थांबवली. "डोकं फिरलंय का दादा? मी न्हाई करणार."

"कावून न्हाई? माझ्यासंगं म्हातारं व्हायचंय का तुला?"

"लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं. गाडी काढ."

सोमेश्वर आणखी दोनदा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाजात जोर नव्हता, आणि ते अंगदच्या लक्षात आलं. त्याला भावाचा राग आला नाही. फक्त गाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

कौशल्याबाईच्या एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू. तिनं अंगदच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढच्या महिन्यात अमका-तमका अजून एक स्थळ आणणार आहे, असं सांगायला लागली. अंगद म्हणाला, "माय, आता पुरं."

रिवाजाप्रमाणे मुलीकडून कापड आलं. नवरदेवाला सुटाचं, आणि वडील नाहीत म्हणून व्याह्याच्या मानाचं अंगदला. दोघे भाऊ राधाकिशनकाकांकडे गेले. सोमेश्वरनं मोबाईलवर फोटो दाखवला: खांदा उतरता, कोट ढगळा, पँट रुंद, पुढे चुण्या. काका फोटोकडे बघून म्हणाले, "हे तर मी तुज्या भावाला शिवलंतं की!" मग त्यांना पुढचं सगळं आठवलं असावं, कारण टेप गळ्यात अडकवून ते उगाच खडू शोधायला लागले.

"तुझा कसा शिवू, अंगद?"

"व्याह्याला शोभंल तसा. सैल."

काकांनी दोन्ही मापं घेतली. एकाचा कोट फॅशनीखातर सैल झाला, दुसऱ्याचा मानाखातर.

लग्नाच्या दिवशी अंगद सगळीकडे होता. मंडपात, वाजंत्र्यात, पंगतीत. अक्षता पडल्या. मग माईकवरून पुकारा झाला, "नवरदेवाच्या वडिलांनी व्याहीभेटीला यावं," आणि कुणीतरी कानात सांगितल्यावर दुरुस्ती झाली, "थोरल्या बंधूंनी यावं." आश्रुबांनी त्याला फेटा बांधला, हार घातला आणि कवेत घेतलं. अंगदनंही हात पसरले. नवा कोट खांद्यात अडला नाही, काखेत आवळला नाही, बटणावरही ताण आला नाही. माप अचूक बसलं होतं. आश्रुबा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले, "आता तुमीच तिचे बाप."

मग नवरा-नवरी पाया पडायला आली. सायलीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि वडीलधाऱ्यांसमोर वाकतात तशी खाली वाकली. अंगदनं हात पुढे केला. काय म्हणायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं.

"सुखी राहा, पोरी," त्याच्या तोंडून निघालं.

ती पुढे सरकली. अंगदचे डोळे भरून यायला लागले. पण मांडवात रडायचा मान मुलीकडच्यांचा असतो, मुलाकडच्यानं रडायचं नसतं. तो ताठ झाला आणि पुढच्या पाहुण्यासमोर हात जोडले.